साध्या मंगळवारचा गल्ला

श्रोतेहो, नमस्कार.

हल्ली माझ्याकडे आपल्या नाशिकची तरुण मुलंमुली सल्ला विचारायला येतात, आणि जवळपास प्रत्येकाचं पहिलं वाक्य तेच असतं : "काकू, कुंभ येतोय, आत्ताच दुकान टाकायला हवं." कुणाला गंगापूर रोडला कॅफे काढायचाय, कुणाला त्र्यंबक रस्त्याला मिसळीचं हॉटेल. एका मुलीला पेठ-हरसूलकडच्या करवंदांचं सरबत बाटलीत भरून विकायचंय. डोळ्यांत चमक असते, वहीत आकडे असतात. ते आकडे बहुतेक वेळा रविवारचे असतात.

मी बावीस वर्षं पंचवटीत सरबत आणि ताकाचं छोटं दुकान चालवते, जोडीला चार हॉटेलांना सिरप पुरवते. तेवढ्या अनुभवावर मी या मुलांना एकच प्रश्न विचारते. जुलै महिना आहे, भुरभुर पाऊस आहे, ना सण ना सुट्टी, आणि वार आहे मंगळवार. त्या दिवशी तुमच्या दुकानात किती माणसं येतील?

रविवारी सगळ्यांचंच चालतं. सकाळी आठला मिसळीच्या ठिकाणी नंबर लावावा लागतो, मुंबई-पुण्याच्या गाड्या गंगापूर धरणाच्या बाजूला वळतात. पण जागेचं भाडं मंगळवारीही चालू असतं आणि फ्रीज मंगळवारीही वीज खातो. म्हणून हिशेब मंगळवारपासून मांडायचा.

मांडूनच बघू. जवळ कागद असेल तर घ्या. समजा, सरबत-ज्यूसचं एक लहान दुकान आहे. भाडं 30,000. दोन माणसांचा पगार 32,000. वीज, पाणी, गॅस 10,000. फोन, दुरुस्ती, साफसफाई असं किरकोळ 8,000. आणि तुमचा स्वतःचा पगार 20,000. हा शेवटचा आकडा लोक लिहीतच नाहीत. "सध्या मी काही घेणार नाही," असं म्हणतात, आणि मग घरखर्चाला गल्ल्यातून शंभर-दोनशे उचलत राहतात. ते कुठेच लिहिलं जात नाही. तर बेरीज झाली एक लाख. महिन्यात 26 दिवस दुकान उघडं, म्हणजे दिवसाला साधारण 3,850 रुपये नुसतं दार उघडायला लागतात.

आता ग्लासाकडे या. ग्लास 60 रुपयांचा. त्यात फळ, साखर, बर्फ, कागदी ग्लास आणि सांडलवंड धरून 22 रुपये गेले. उरले 38. म्हणजे रोजचे 101 ग्लास विकले तेव्हा कुठे तुम्ही शून्यावर आलात. दहा तास दुकान असेल तर ताशी दहा ग्लास, भर पावसातसुद्धा. हेच ग्लास मोबाइलवरच्या ॲपमधून गेले, तर समजा 25 टक्के कमिशन, म्हणजे 15 रुपये, आणि वर पॅकिंगचे 5. उरले 18. आता 101 चे 214 झाले. ॲपवर जाऊ नका असं मी म्हणत नाही, मीही जाते. पण तिथला भाव वेगळा ठेवते आणि तिथे फक्त वाटेत न बिघडणाऱ्या वस्तू ठेवते.

यातला 22 चा आकडा हातातून सुटतो तो मापामुळे. माझ्या दुकानात सुरुवातीला सिरप अंदाजाने घालायचे. माझा हात वेगळा, कामावरच्या मुलाचा वेगळा. एक दिवस दोघांचे दहा-दहा ग्लास मोजले, तर मुलाकडून जवळपास दीडपट सिरप जात होतं. त्याची काहीच चूक नव्हती, त्याला माप मी दिलंच नव्हतं. त्या आठवड्यात स्टीलची मापाची ओगराळी आणली. मिसळवाल्यांनीही हेच करावं. रस्सा पुन्हा मागायला गिऱ्हाईक लाजू नये, ही नाशिकची रीत आहे आणि ती जपावीच, पण दुसऱ्या वाटीचा खर्च पहिल्या प्लेटच्या भावात धरलेला असला पाहिजे.

फळांचे भाव आपल्या हातात नसतात. एप्रिल 2022 मध्ये लिंबं दोनशे रुपये किलोच्या वर गेली होती, तुम्हाला आठवत असेल. ज्यांच्या फलकावर फक्त लिंबू सरबत होतं त्यांनी एक तर तोट्यात विकलं किंवा एका ग्लासात अर्धंच लिंबू पिळलं, आणि गिऱ्हाइकाच्या जिभेला ते लगेच कळलं. आम्ही त्या उन्हाळ्यात पन्हं आणि कोकम वर लिहिलं, लिंबू खाली. आपल्याकडे देवाने काय कमी दिलंय? थंडीत सुरगाण्याची स्ट्रॉबेरी, जानेवारीपासून द्राक्षं, मे महिन्यात करवंदं आणि जांभळं. फलक खडूने लिहिलेला असावा, छापलेला नसावा. मला तर यात धंद्यापेक्षाही जास्त काही दिसतं. करवंदं घेऊन पहाटे निघालेली बाई आपल्या दाराशी येते, तेव्हा तिची पाटी रोख पैसे देऊन घ्यावी. तिला उधारी सांगू नये.

उधारीचा विषय निघालाच आहे तर सांगते. दुकानातली उधारी दिसते, वहीत असते. हॉटेलांना माल पुरवतो तिथली उधारी माणसाला बुडवते. महामार्गावरच्या एका हॉटेलाकडे माझे एके काळी सात महिन्यांचे पैसे अडकले होते. दर वेळी गोड बोलून चहा पाजायचे. त्या काळात साखरवाल्याला द्यायला मी बांगड्या गहाण ठेवल्या. तेव्हा मला माहीत नव्हतं, पण 2006 च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग कायद्यात याची तरतूद आहे. तुमची उद्यम नोंदणी, म्हणजे लहान उद्योगांची सरकारी नोंद, असेल आणि तुम्ही माल स्वतः तयार करत असाल, तर लेखी करारात काहीही लिहिलेलं असो, 45 दिवसांच्या आत पैसे द्यावेच लागतात. करार नसेल तर 15 दिवसांत. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज लागतं. शिवाय 2023-24 या आर्थिक वर्षापासून आयकरातही तरतूद आली : सूक्ष्म आणि लघु उद्योगाचं देणं मुदतीत दिलं नाही, तर प्रत्यक्ष पैसे देईपर्यंत ती रक्कम खर्चात धरता येत नाही. त्यामुळे आता हॉटेलचा सीएच मालकाला सांगतो, आधी या बाईंचे पैसे द्या. उद्यम नोंदणी ऑनलाइन होते आणि तिला एक रुपयाही लागत नाही. बिलावर तो क्रमांक ठळक छापा. भांडण्याची वेळ येतच नाही.

कराचं मी फार बोलत नाही, त्याला जाणता माणूस गाठा. फक्त दोन गोष्टी दुकान टाकण्याआधीच कळायला हव्यात. साध्या हॉटेलात, कॅफेत 5 टक्के जीएसटी लागतो, पण खरेदीवर भरलेला कर त्यातून वजा मिळत नाही. म्हणजे कॉफी मशिनवर, फर्निचरवर, जागेच्या भाड्यावरही जो कर भराल, तो तुमच्या खिशातून गेला. तो भांडवलात धरा. दुसरी गोष्ट बाटलीवाल्यांसाठी. सप्टेंबर 2025 मध्ये दर बदलले, तेव्हा फळांच्या रसाच्या पेयांवर 5 टक्के आला. त्याच पेयात गॅस भरला की 40 टक्के. करवंदवाल्या मुलीला बाटली फसफसणारी हवी होती, शहरातल्या मुलांना आवडते म्हणून. मी तिला हे दोन आकडे लिहून दिले. ती बराच वेळ कागदाकडे बघत बसली.

अन्न सुरक्षेचा परवाना, दुकानाची नोंद, व्यवसायाचा 19 किलोचा सिलिंडर, हे सगळं पहिल्या दिवसापासून असू द्या. आणि बर्फ. न खाण्याच्या बर्फात निळा रंग घालायचा नियम 2018 पासून आहे. पांढरा दिसतो म्हणून कुणाकडूनही घेऊ नका, परवाना असलेल्याकडूनच बिल घेऊन घ्या. उन्हातून आलेलं लेकरू आपला ग्लास तोंडाला लावतं, एवढं मनात ठेवलं तर बाकी नियम आपोआप पाळले जातात.

आता जागा. कुंभाच्या नावाने भाडी वाढलीत आणि आणखी वाढतील. जागेचा करार तोंडी करू नका. महाराष्ट्रात लिव्ह अँड लायसन्सचा करार लेखी हवा आणि नोंदवलेला हवा, 1999 च्या भाडे नियंत्रण कायद्यातच तसं आहे, आणि तो नोंदवायची जबाबदारी मालकावर टाकलेली आहे. करारात लॉक-इन, म्हणजे करार मोडता येत नाही तो काळ, किती आणि कुणावर, हे दोनदा वाचा. पुष्कळ करारांत भाडेकरू तीन वर्षं बांधलेला असतो आणि मालक मात्र दोन महिन्यांच्या नोटिशीवर मोकळा. तुम्ही ओटा बांधता, नळ फिरवता, जाळीचा धुराडा बसवता, आणि धंदा जमला की जागा मागतात. लॉक-इन दोघांवर सारखा नसेल तर मी सही करणार नाही, असं सांगायला घाबरू नका. जागा हातची गेली तरी चालेल.

मोठ्यांकडून शिकायचं असेल तर आपल्याच गावात उदाहरण आहे. राजीव सामंतांनी 1999 मध्ये सुला ही वाइनची कंपनी सुरू केली, पहिली वाइन 2000 साली बाजारात आली. त्यानंतर काही वर्षांतच, 2005 मध्ये, त्यांनी मळ्यावरच चव घेण्याची खोली उघडली. माणूस वेलीजवळ आला, चव घेतली, तिथेच बाटली घेऊन गेला. दुकानाच्या फळीवर तुमची बाटली शंभरातली एक असते, तुमच्या दारात ती एकटी असते. हे छोट्यालाही जमतं. करवंदवाल्या मुलीला मी म्हटलं, आधी पन्नास दुकानांच्या मागे धावू नकोस. तुझ्या गावातल्या घराच्या पडवीत चार बाकडी टाक, शनिवार-रविवार दुपारी लोकांना फळं निवडताना, गाळताना बघू दे. जाताना दोन-दोन बाटल्या नेतील, तेही पूर्ण भावाने आणि रोख.

आणि सरकारी घोषणेवर योजना बांधू नका. जानेवारी 2022 मध्ये राज्य मंत्रिमंडळाने मोठ्या किराणा दुकानांत वाइन विकायला परवानगी देण्याचा निर्णय घेतला. त्यावर मोठा विरोध झाला, निर्णय अमलात आला नाही. तो निर्णय बरा की वाईट, हा माझा विषय नाही. पण त्याच्या भरवशावर कुणी कर्ज काढलं असेल तर हप्ते मात्र ठरल्या तारखेला सुरू झाले असतील. घोषणा ऐकावी, आनंद मानावा, पैसा मात्र अधिसूचना हातात आल्यावर घालावा.

शेवटी कुंभाकडे येते, कारण माझा सगळ्यात मोठा धडा तिथला आहे. 29 ऑगस्ट 2015, राखी पौर्णिमा, पहिली पर्वणी, म्हणजे कुंभातल्या मोठ्या स्नानाचा दिवस. आदल्या रात्री आम्ही घरातल्या सगळ्यांनी बसून 300 लिटर सरबत कालवून ठेवलं. सकाळी आमच्या गल्लीच्या तोंडाला बांबूचे अडसर होते. भाविकांचा मार्ग दुसरीकडून ठरलेला, वाहनं शहराबाहेर थांबवलेली. बर्फाची गाडी आलीच नाही. कामाचा एक मुलगा सिडकोतून निघाला आणि पोचला दुपारी. संध्याकाळपर्यंत सरबताला वास येऊ लागला. ते ओतून देताना सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं नाही, म्हणाल्या, "साखर वेगळी ठेवली असती तर उद्या कामाला आली असती." त्यांचं बरोबर होतं. 13 सप्टेंबरच्या दुसऱ्या पर्वणीला आम्ही काहीच कालवलं नाही. सिरप घट्ट ठेवलं, पाणी माठांत, लिंबं पोत्यात. माणूस पुढे आला की ग्लास तयार. उरलेलं सिरप दिवाळीपर्यंत पुरलं.

येत्या कुंभाची मोठी स्नानं ऑगस्ट आणि सप्टेंबर 2027 मध्ये आहेत, म्हणजे पुन्हा पावसाळ्यातच. माझी तयारी सांगते. नवीन दुकान मी घेणार नाही, आहे तेच चालवणार. पर्वणीच्या आधी दहा दिवसांची साखर, गॅस आणि ग्लास दुकानात असतील. मुलांची झोपायची सोय वरच्या खोलीत, म्हणजे रस्ता बंद झाला तरी ते हजर, आणि त्या दिवसांचा पगार दुप्पट, तो आधी बोलून ठेवलेला. फलकावर दोनच वस्तू, ताक आणि लिंबू सरबत, आणि भाव रोजचाच. चालून दमलेल्या माणसाकडून जास्त घ्यायला माझं मन धजत नाही, आणि रामकुंडाजवळच्या दुकानाला ते शोभतही नाही. त्या दीड महिन्यात जे जास्तीचं मिळेल ते वेगळ्या खात्यात जाईल, 2028 च्या जुलैतल्या मंगळवारांसाठी.

करवंदवाल्या मुलीने परवा फोन केला होता. पडवीत बाकडी आली आहेत. फसफसणाऱ्या बाटलीचा नाद तिने सोडून दिला. पहिल्या शनिवारी अकरा माणसं आली, म्हणाली, आणि तिने आपला पगार वहीत लिहिला.

नमस्कार.