टायटॅनिक बघताना आठवलेली रामदास बोट

१९९८ साली टायटॅनिक मुंबईत धो धो चालला आणि मग मागाहून त्याची प्रिंट आमच्या अलिबागकडच्या थेटरात आली, पहिल्याच शोला अख्खा कोळीवाडा हजर, पोरंबाळं, म्हाताऱ्या, सगळी.

पडदा स्कोपचा, म्हणजे नेहमीपेक्षा बराच रुंद. फिल्म तर नेहमीचीच ३५ एमएम, मग एवढं रुंद चित्र तिच्यात मावतं कसं? तर प्रिंटवर ते आडवं दाबून निम्मं केलेलं असतं, पट्टी उजेडात धरली की सगळी माणसं उंच नि काटकुळी दिसतात, आणि मशीनपुढची स्कोप लेन्स तेच पुन्हा दुप्पट ताणून भिंतभर करते. सव्वातीन तासांचा पिक्चर, म्हणजे पाच किलोमीटरच्या वर फिल्म झाली बघा!

जहाज बुडायला लागलं तशी पोरं शिट्ट्या मारायची थांबली. आणि मागच्या रांगेतला एक म्हातारा मोठ्यानं बोलला, "रामदासला येवढा टाईम नाय गावला रे."

खरंच नाही मिळाला. टायटॅनिक बुडायला दोन तास चाळीस मिनिटं लागली, आमची रामदास काही मिनिटांत गेली. १७ जुलै १९४७, गटारी अमावस्या, स्वातंत्र्याला महिनासुद्धा उरला नव्हता. 'माझी आगबोट कंपनी' अशा नावाच्या कंपनीची ही बोट सकाळी भाऊच्या धक्क्यावरून आमच्या अलिबागजवळच्या रेवस बंदराला निघाली, सणाला घरी जाणारी माणसं खचाखच भरलेली, वाटेत तुफान लागलं, लाट आली, घाबरून सगळे एका बाजूला धावले आणि बोट कलंडली. सहाशेच्या वर माणसं गेली. आमच्या कितीतरी घरांत ती आठवण अजून आहे, पण शाळेच्या पुस्तकात मी तरी कधी वाचली नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

टायटॅनिकच्या मदतीला कार्पेथिया नावाची बोट आली, सातशेवर माणसं वाचली. इकडे रेवसचे कोळी मासळी घेऊन मुंबईकडे चालले होते, त्यांनी माणसं पाण्यात बघितली आणि भरलेल्या होड्यांतली मासळी समुद्रात टाकून दिली, कमाईबिमाई काही बघितली नाही, आणि जेवढी हाताला लागली तेवढी माणसं वर ओढली.

या कोळ्यांवर मराठीत मोठा सिनेमा व्हायला पाहिजे, चांगला रुंद, स्कोपमधला, आणि त्याचा पहिला शो मुंबईत नको, इथंच रेवसला, बंदरावर पडदा लावून.