खाली 'चढणारी' इंग्रजी

नमस्कार, श्रोतेहो.

बेळगाव, खानापूर, निपाणी, संकेश्वर या पट्ट्यात मराठी माध्यमात शिकणारी मुलं आणि त्यांना संध्याकाळी अभ्यासाला बसवणारे आईवडील, आजचं बोलणं मुख्यतः तुमच्यासाठी आहे. विषय छोटा दिसतो, पण मला तो फार जवळचा आहे. इंग्रजीत 'वर जाणं' कसं सांगतात आणि त्या क्रियापदांपुढे कुठले चिमुकले शब्द येतात, हा तो विषय.

खानापूर तालुक्यातल्या एका शाळेत मी बरीच वर्षं इंग्रजी शिकवलं. एकदा धड्यात वाक्य आलं, 'द बॉय क्लाइम्ड डाउन द ट्री.' मागच्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली. म्हणाली, "सर, क्लाइम म्हणजे चढणे असं तुम्हीच फळ्यावर लिहिलंय. मग हा मुलगा झाडावरून खाली कसा चढला?" मी तिला "इंग्रजीत तसंच म्हणतात" असं सांगून खाली बसवलं. ते उत्तर नव्हतं. खरं उत्तर मला पुष्कळ उशिरा सापडलं.

आपल्या 'चढणे' या शब्दाच्या पोटातच 'वर' आहे. गडी माडीवर चढतो, ताप चढतो, पारा चढतो, बोलता बोलता आवाज चढतो. उलट दिशेला जायचं तर आपल्याला दुसरं क्रियापद लागतं. चढलेला ताप उतरतो. 'खाली चढला' असं मराठीत म्हणताच येत नाही. आपल्या शेजारच्या कन्नडचीही रीत हीच. झाडावर चढायचं तरी 'हत्तु', बसमध्ये चढायचं तरी 'हत्तु', आणि उतरायचं असलं की 'इळि'. दोन स्वतंत्र शब्द. म्हणजे आपल्या भागातलं मूल घरी मराठी आणि बाजारात कन्नड बोलत असलं, तरी दोन्हीकडे त्याला एकच सवय लागते : दिशा क्रियापदातच शोधायची.

इंग्रजी 'क्लाइम'मध्ये मुख्य गोष्ट दिशा नाही, हातापायांची धडपड आहे. धरायचं, पाय रोवायचा, अंग पुढे ओढायचं. ही धडपड कुठल्या बाजूला चाललीय ते पुढचा शब्द सांगतो. अप म्हणजे वर, डाउन म्हणजे खाली, ओव्हर म्हणजे पलीकडे, थ्रू म्हणजे आरपार. म्हणून 'क्लाइम डाउन द ट्री' म्हणजे फांद्या धरत धरत झाडावरून उतरणं. खिडकीतून आत शिरला, तरी 'क्लाइम्ड थ्रू द विंडो'. आपण तिथे 'चढला' म्हणूच शकत नाही.

चार्ल्स फिलमोर या अमेरिकी भाषाशास्त्रज्ञाने या शब्दाचा बारकावा दाखवला. 'क्लाइम'मध्ये दोन अर्थ आहेत, वर जाणं आणि हातापायांनी धरत सरकणं. दोन्ही असले तर उत्तमच, पण एक तरी हवाच. हे आपल्या सांबरा विमानतळावर पडताळून बघा. विमान उडालं की ते 'क्लाइम' करतं. हातपाय नाहीत, पण वर जातंय, म्हणून चालतं. तेच विमान उतरताना मात्र 'क्लाइम्स डाउन' म्हणत नाहीत, कारण तेव्हा ते वरही जात नाही आणि कशाला धरतही नाही. तिथे 'डिसेंड' येतं. झाडावरच्या मुलाला 'डाउन' चालतं आणि विमानाला का चालत नाही, ते एवढ्यावरून कळतं. त्या मुलीला हे तेव्हाच सांगायला हवं होतं.

मूळ क्रिया तीच ठेवून दिशा वेगळी सांगायची, ही रीत आपल्याला अगदीच परकी आहे, असंही नाही. गाण्यातले आरोह आणि अवरोह आठवा. कुमार गंधर्वांचा जन्म 1924 साली आपल्याच जिल्ह्यातल्या सुळेभावीचा, तेव्हा हे शब्द या मातीला नवे नाहीत. दोन्ही शब्दांत संस्कृत धातू एकच, 'रुह्'. 'आ' लावला की स्वर वर जातात, 'अव' लावला की खाली येतात. धातू तोच, दिशा उपसर्गात. इंग्रजीने तो चिमुकला शब्द क्रियापदानंतर, सुटा ठेवला इतकंच. 'अवरोह' समजणाऱ्या मुलाला 'क्लाइम डाउन' समजायला काहीच अडचण नाही.

'असेंड' हा शब्द लॅटिनमधून आलेला, आणि त्याची वागणूक आपल्या 'चढणे'सारखी. दिशा आतच असल्यामुळे 'असेंड अप' लिहू नका, ते 'वर वर चढला' असं होतं. राजा गादीवर बसला, तर 'असेंडेड द थ्रोन' किंवा 'असेंडेड टु द थ्रोन', दोन्ही बरोबर.

आता 'वर' या मराठी शब्दाबद्दल. आपण 'छपरावर चढला' म्हणतो तेव्हा पाय शेवटी छपरावर टेकतात, म्हणून इंग्रजीत 'ऑन्टू'. 'भिंतीवरून गेला' म्हणतो तेव्हा भिंत ओलांडून पलीकडे, म्हणून 'ओव्हर'. 'वर' आणि 'वरून' हा फरक आपल्या मुलांना जन्मापासून कळतो, तोच तिथे वापरायचा. बसला मात्र 'गेट ऑन', रिक्षाला आणि मोटारीला 'गेट इन'. जिथे उभं राहून चार पावलं टाकता येतात तिथे बहुधा 'ऑन', जिथे वाकून आत बसावं लागतं तिथे 'इन'.

परीक्षेत सर्वांत जास्त गुण जातात ते 'राइझ'पाशी. 'राइझ' म्हणजे वर जाणं, वाढणं; भूतकाळात त्याचंच 'रोझ' होतं. समजा, निपाणीच्या बाजारात तंबाखूचा भाव 10 रुपयांनी चढला. तिथे 'रोझ बाय'. भाव 90 रुपयांवर गेला, तिथे 'रोझ टु'. मराठीत 'नी' आलं की 'बाय', 'वर' आलं की 'टु'. पावसाळ्यात हिडकल धरणाच्या बातम्या येतात, तेव्हा घरी मुलांकडून हीच वाक्यं करून घ्या. पाणी दोन फुटांनी वाढलं की दोन फुटांवर गेलं, यात केवढा फरक आहे हे घटप्रभेकाठच्या शेतकऱ्याला वेगळं सांगावं लागत नाही.

'राइझ' आणि 'रेझ' यांची गल्लत होते, तिथे आपला 'ने' मदतीला येतो. सूर्य वर आला, पाणी वर आलं, तिथे 'राइझ', कारण कुणी काही उचललेलं नाही. त्याने हात वर केला, सरकारने भाव वाढवला, तिथे 'ने' आहे, म्हणजे करणारा वेगळा आणि वर जाणारी वस्तू वेगळी, म्हणून 'रेझ'. खूण भूतकाळात लगेच पटते. 'चढणे' मात्र या खुणेत बसत नाही. 'त्याने गड चढला' असं आपण म्हणत नाही, 'तो गड चढला' म्हणतो. चढणारा स्वतःच वर जातो ना.

आणि एक सावधगिरी. 'शी वॉक्ड अप टु मी' यात चढाव कुठेच नाही. ती चालत माझ्याजवळ आली, बस्स. कित्येक उत्तरपत्रिकांत मी 'ती माझ्या वर चालत आली' असं भाषांतर वाचलंय. 'अप टु' इथे जवळ येऊन थांबणं सांगतं.

निवृत्तीच्या आधीच्या वर्षी मी वर्ग घेऊन येळ्ळूरच्या राजहंसगडावर गेलो होतो. परतीच्या बसमध्ये मुलांना दिवसाचं एकच वाक्य करायला सांगितलं. सगळ्यांनी मिळून जुळवलेलं वाक्य असं झालं : 'वी क्लाइम्ड अप द हिल, क्लाइम्ड ओव्हर अ ब्रोकन वॉल, क्लाइम्ड ऑन्टू द बॅस्टियन, क्लाइम्ड डाउन द अदर साइड अँड क्लाइम्ड इन्टू द बस.' मग तेच मराठीत म्हणून बघितलं. डोंगर चढलो, पडकी भिंत ओलांडली, बुरुजावर चढलो, पलीकडून उतरलो, बसमध्ये शिरलो. इंग्रजीत पाचही वेळा 'क्लाइम', मराठीत 'चढलो' दोनदाच. मुलं बोटं मोजत राहिली, आणि गाडी शहापूरला पोचेपर्यंत प्रत्येकाने आपापलं आणखी एक वाक्य जुळवलं होतं.

नमस्कार.