भाकरी कमी करायची तर घर सोबत हवं

मंडळी, कमी कर्बोदकांचा आहार म्हणजे काय, हे मराठवाड्यात आता मुळापासून सांगावं लागत नाही. दिवसातून दोनदाच जेवायला सांगणाऱ्या दीक्षित डाएटनं लातूर-नांदेडच्या टपरीवरही इन्सुलिनचा विषय नेला. पण दोनदाच जेवणं वेगळं आणि जेवणातली कर्बोदकं कमी करणं वेगळं. दोनदा जेवून दोन्ही वेळा तीन-तीन भाकरी खाणारे आहेतच की. दिवसाला १३० ग्रॅमच्या आत कर्बोदकं म्हणजे लो-कार्ब, ५०च्या खाली गेलात की किटो. आज बोलायचं ते १००च्या आसपासच्या आहाराबद्दल. तो सुरू करणं सोपं आहे. मोडतो कुठं, तर काटवटीपाशी, पंगतीत आणि दुसऱ्याच्या ओसरीवर. तिन्ही जागी हात दुसऱ्याचा असतो, म्हणून आधी त्या हातांशी बोलून घ्यावं लागतं.

आधी ज्वारी. "गहू सोडला, आता फक्त ज्वारी" असं म्हणणारे खूप भेटतात. १०० ग्रॅम ज्वारीत साधारण ६८ ग्रॅम कर्बोदकं, गव्हाच्या पिठात ६४-६५, बाजरीत ६२च्या आसपास. ज्वारीनं साखर जरा सावकाश चढते, हे मान्य. पण आपली रोजची भाकरी ७०-७५ ग्रॅम पिठाची, म्हणजे एका भाकरीत जवळजवळ ५० ग्रॅम कर्बोदकं. चार भाकरी झाल्या की २०० ग्रॅम झाले. भात, चहा अजून मोजलाच नाही. धान्य बदलून फार काही साधत नाही, पीठ मोजावं लागतं.

जेवणाला ४० ग्रॅम पिठाची एक भाकरी धरा, म्हणजे २७ ग्रॅम. दोन वेळचे ५४ झाले. पंचवीस ग्रॅम तूरडाळीच्या वरणाचे १४, भाज्यांचे १५-२०, दही-ताकाचे ७-८, मूठभर शेंगदाण्यांचे पाच. शंभरात बसलं. घरात वजनकाटा नसेल तर किराणा दुकानात एकदा ४० ग्रॅम पीठ तोलून घ्या आणि ते वाटीत कुठवर येतं तिथं खूण करा. रोज तोलायची गरज नाही.

आता ही छोटी भाकरी थापणाऱ्या बाईची अडचण. एवढासा गोळा लवकर सुकतो, थापताना काठ फुटतात. पीठ जुनं असेल, विरी म्हणजे चिकटपणा गेलेला असेल, तर तव्यावर टाकतानाच मोडते. उपाय तिला ठाऊक असतो: पाणी कडकडीत घ्यायचं, पीठ ताजं दळायचं, एका वेळी एकाच भाकरीचं मळायचं. काही घरांत चार भाग ज्वारीत एक भाग सोयाबीनचं पीठ घालतात. चालेल, मात्र सोयाबीन उकळत्या पाण्यात वीसेक मिनिटं शिजवून, वाळवून मग दळायचं. कच्चं दळलं तर पचत नाही, पोट फुगतं आणि दोष आहाराला दिला जातो. विरी कमी होते, म्हणून गरम पाणी इथं तर हवंच.

माझं स्पष्ट मत आहे, एका माणसासाठी वेगळा स्वयंपाक करायचा नाही. आठ दिवस हौसेनं होतो, नवव्या दिवशी चूल पेटवणारीच थकते. कालवण सगळ्यांना एकच, फरक फक्त भाकरीचा आणि भाताचा. कालवण दाटसर हवं असेल तर येसर, म्हणजे भाजलेल्या धान्याचं मसालेदार पीठ, जरा जपून. त्यात धान्य आणि डाळच असते, दोन मोठे चमचे घातले की दहाएक ग्रॅमची भर पडते. दाटपणा दाण्याच्या किंवा तिळाच्या कुटानं आणता येतो.

आहार मोडायचं सगळ्यात मोठं कारण भूक. भाकरी काढली आणि तिच्या जागी काही ठेवलं नाही, तर रात्री अकराला माणूस चिवड्याचा डबा शोधतो. साठ किलोच्या माणसाला दिवसाला ५५-६० ग्रॅम प्रथिनं लागतात. दोन अंडी १२-१३ ग्रॅम, १०० ग्रॅम पनीर १८च्या आसपास, ५० ग्रॅम सोयाबीन वडी २५, ३० ग्रॅम शेंगदाणे सात. पिठलं चांगलं, पण ४० ग्रॅम बेसनात २० ग्रॅम कर्बोदकंही येतात. त्या दिवशी वरण नको. जवसाची, कारळाची चटणी तेल घालून घ्या, कोरडी नको. चुका, अंबाडी, मेथी, दोडकं, वांगं पोटभर. आणि सकाळचा मुरमुऱ्यांचा सुशीला? मुरमुरे हाताला हलके लागतात म्हणून फसगत होते. पन्नास ग्रॅम मुरमुऱ्यांत ४० ग्रॅम कर्बोदकं आहेत.

चहा. दोन चमचे साखरेचे पाच कप म्हणजे ५० ग्रॅम, एक अख्खी भाकरी. आपल्याकडं साखर पातेल्यातच पडते, त्यामुळं कप हातात आल्यावर "बिनसाखरेचा हवा होता" म्हणून उपयोग नसतो. सांगायचं ते आधण चढायच्या आधी, आणि ते सोबतच्या माणसानं सांगितलं तर यजमानाला कमी लागतं. "त्यांना ताक द्या" म्हटलं की प्रश्न मिटतो. ताक मागितलं तर कुणी रुसत नाही, चहा नाकारला की मात्र रुसवा.

पंगतीतलंही तसंच. "पोट भरलं" या वाक्याला मराठवाड्यात काही किंमत नाही. वाढपी आणखी दोन पुऱ्या टाकतो. "डॉक्टरांनी बंद केलंय" हे चालतं. शेजारी घरचं कुणी बसलं असेल तर भाताच्या वेळी त्यानंच ताटावर हात आडवा धरावा. येळवशीला, म्हणजे वेळ अमावास्येला, भज्जी घ्या, पण बेतानं; तिच्यात भाज्यांसोबत शेंगांचे दाणे आणि बेसनही असतं. बाजरीच्या पिठाचे उंडे, खीर आणि आंबील मोजून. एकादशीला साबुदाण्याची बशी टाळाच. ७५ ग्रॅम साबुदाण्यात ६५ ग्रॅम कर्बोदकं आणि प्रथिनं जवळजवळ शून्य. दाणे, दही, काकडीची कोशिंबीर, पनीर यावर दिवस निघतो.

गल्लीतल्या पाच-सहा जणांचा गट पुरे. शंभर जणांच्या व्हॉट्सअॅप गटात सुप्रभातच जास्त येतात. जेवणाआधी ताटाचा फोटो टाकायचा, जेवल्यावर नाही. आधी टाकला की भात कमी करायला वेळ असतो. वजन आठवड्यातून एकदा, एकाच काट्यावर, सकाळी. कंबर बेंबीच्या रेषेत मोजायची. कुणाचा दिवस बिघडला तर पुढचं जेवण नेहमीसारखं, शिक्षा म्हणून उपास नाही. साखरेचे आकडे ज्याचे त्यानं सांगितले तरच बोलायचे. आणि गोळी कमी कर, इंजेक्शन सोड, असे सल्ले गटात अजिबात द्यायचे नाहीत.

हे जरा थांबून सांगतो. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइड ही मधुमेहाची गोळी चालू असेल आणि कर्बोदकं एकदम निम्म्यावर आणली, तर साखर धोक्याइतकी उतरू शकते. डोस आधी डॉक्टरांकडून ठरवून घ्या. घाम, थरथर, डोळ्यांपुढं अंधारी आली आणि साखर ७०च्या खाली असेल, तर तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून द्या आणि १५ मिनिटांनी परत तपासा. माणूस शुद्धीवर नसेल तर तोंडात काही घालू नका, थेट दवाखाना. डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या मधुमेहाच्या गोळ्यांवर असलेल्यांनी हा आहार स्वतःहून सुरूच करू नये. साखर फारशी वाढलेली नसतानाही रक्तात आम्ल साचू शकतं. उलट्या, पोटदुखी, धाप लागली तर वाट बघू नका. बीपीच्या गोळ्यांचाही डोस बदलावा लागू शकतो. मूत्रपिंडाचा त्रास असेल तर प्रथिनं डॉक्टरांना विचारूनच वाढवा. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायकांसाठी हा आहार नाही.

पहिल्या आठवड्यात शरीरातलं पाणी आणि मीठ जास्त बाहेर पडतं. डोकं दुखतं, पोटऱ्यांत गोळे येतात, आणि घरातले म्हणतात, "बघा, भाकरी सोडली म्हणून." मीठ घातलेलं ताक दोन पेले घेतलं की बहुधा उतरतं, बीपी, हृदय किंवा मूत्रपिंडाचा आजार असेल तर मिठाचंही विचारून घ्या. आठवड्यात दोन-तीन किलो उतरलं म्हणून पेढे वाटू नका, त्यात बरंचसं पाणीच असतं. खरं काय ते तीन महिन्यांनी एचबीए१सी, म्हणजे तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची तपासणी, सांगेल.

उन्हात दिवसभर खुरपणारी, ऊस तोडणारी निरोगी माणसं आणि वाढती लेकरं यांना यात ओढायचं कारण नाही. एकाच काटवटीत त्यांची भाकरी मोठी थापा.