पत्नींचे गुणपत्रक

स्त्रीवेष करणाऱ्या पतींचा आणि त्यांच्या पत्नींचा विषय निघाला की आपल्याकडे कोणाला तरी बालगंधर्व आठवतातच. १९११ सालच्या 'मानापमाना'तील भामिनीवर महाराष्ट्र लुब्ध झाला, हे आपल्याला सांगावयास नको. परंतु तो स्त्रीवेष भरल्या नाट्यगृहाच्या संमतीने होत असे. मी ज्यांच्याविषयी बोलणार आहे, त्यांची साडी कपाटाच्या तळाशी, पत्नीच्या नजरेआड ठेवलेली असते.

या पत्नींविषयी जे लिहिले गेले, त्यातील एक गोष्ट मला फार सलते. अमेरिकेत व्हर्जिनिया प्रिन्स या नावाने स्वतः स्त्रीवेष करणाऱ्या प्रिन्स यांनी १९६० मध्ये अशाच पुरुषांसाठी 'ट्रान्सव्हेस्टिया' हे नियतकालिक सुरू केले आणि एकेकट्याने कुढणाऱ्या अनेक पुरुषांना आपल्यासारखे आणखी कोणी आहे हे प्रथमच कळले. हे काम मोठे आहे. मात्र त्याच प्रिन्स यांनी पत्नींची, शाळकरी मुलांची लावावी तशी, 'ए'पासून 'एफ'पर्यंत प्रतवारी लावली. पतीला मनापासून साथ देणारी वरच्या श्रेणीत, मुळीच न स्वीकारणारी नापास! प्रिन्स यांचा स्वतःचा पहिला संसार मोडलेला होता, त्यामुळे त्यामागची जखम मी समजू शकतो; तरीही वर्षानुवर्षे गुपित राखावे पतीने आणि परीक्षेला मात्र बसावे पत्नीने, हा न्याय मला कधीही पटलेला नाही.

याउलट मारी टॉर्नेल यांची हकिगत पाहा. न्यूयॉर्कमध्ये त्यांचे केसांच्या टोपांचे दुकान होते. असे सांगतात की, एक गृहस्थ 'बहिणीसाठी' टोप पाहण्यास आले आणि मारी यांनी तो कोणासाठी आहे हे तत्काळ ओळखले. पुढे त्यांच्याशीच मारी यांनी विवाह केला. पतीचे स्त्रीवेषातील नाव सुझॅना. स्त्रीवेषात रस्त्यावर दिसलेल्या पुरुषाला अटक होऊ शकेल असा तो काळ. या दांपत्याने न्यूयॉर्क राज्यातील कॅटस्किलच्या डोंगरात 'कासा सुझॅना' हे विश्रामस्थान चालवले. शनिवार-रविवारी तेथे येणाऱ्या पुरुषांबरोबर काहींच्या पत्नीही येत. तेथील छायाचित्रे पुढे मॅनहॅटनच्या जुन्या बाजारात सापडली आणि २००५ मध्ये पुस्तकरूपाने आली. त्यांत भडक काही नाही. मंडळी शब्दखेळ खेळत आहेत, नाताळ साजरा करत आहेत.

अध्यक्षांची चिठ्ठी आली आहे, म्हणून मुख्य मुद्दा आता थोडक्यात मांडतो. मारी यांना सारे विवाहापूर्वीच ठाऊक होते, आणि माझ्या मते फरक पडतो तो तेथेच. ज्या पत्नीला अनोळखी लिपस्टिक सापडते, तिला आधी दुसऱ्या बाईचा संशय येतो. खरे कळल्यावर सुटकेबरोबरच फसवणुकीची वेदनाही होते, आणि ती पोशाखाहून खोल असते.

मग तिचे प्रश्न सुरू होतात. पतीला पुरुषांचे आकर्षण आहे काय? बहुतेकदा तसे नसते. तो पुढे स्त्री म्हणूनच राहू लागेल काय? याची हमी कोणी देऊ शकत नाही. सुझॅना यांनी पुढे तोच मार्ग निवडला. म्हणून पत्नीने हा प्रश्न आज विचारावा आणि वर्षभराने पुन्हा विचारावा, त्यात काहीही वावगे नाही. 'घरातच', 'मुलांसमोर नको', 'शयनगृहात नको' अशा तिच्या अटी म्हणजे नकार नव्हे. त्या अटींवरच पुष्कळ संसार टिकतात. तिलाही बोलण्यासाठी एखादी बहीण, मैत्रीण किंवा समुपदेशक लागते, आणि 'कोणाला सांगू नकोस' अशी शपथ घालून पतीने तिची ती वाट बंद करू नये.