पुरावा एकट्या नासाच्या तिजोरीत नाही

मित्रहो,

माणूस खरंच चंद्रावर गेला की तो सगळा बनाव होता, या विषयावर बोलायचं ठरलं तेव्हा काही जाणत्या मंडळींनी सुचवलं, की असल्या वावड्यांना उत्तर देत बसू नये, उगाच त्यांचं महत्त्व वाढतं. मला ते पटत नाही. ही शंका विचारणारी बहुतेक मुलं पंधरा ते पंचवीस वयाची असतात. अपोलो-११ चंद्रावर उतरलं तेव्हा त्यांच्या आईवडिलांचाही जन्म झालेला नव्हता. ऐकीव गोष्टीला पुरावा मागणं हा विज्ञानाचाच संस्कार आहे. त्यामुळे 'नासाने सांगितलं म्हणून' हे उत्तर मी आज देणार नाही. नासाला बाजूला ठेवू आणि बाकी कोणाकोणाच्या हातात काय आहे ते बघू.

दावा काय आहे तो आधी नीट मांडतो. २० जुलै १९६९ रोजी, आपल्या घड्याळाप्रमाणे २१ तारखेच्या मध्यरात्री पावणेदोनच्या सुमारास, आर्मस्ट्राँग आणि ऑल्ड्रिन यांचं यान चंद्रावर उतरलं. त्यानंतर डिसेंबर १९७२ पर्यंत आणखी पाच मोहिमा तिथे उतरल्या. एकूण १२ माणसं चंद्रावर चालली आणि ३८२ किलो खडक आणि माती घेऊन परतली. लोक एकाच मोहिमेबद्दल वाद घालतात, पण बनाव म्हणायचं तर तो सहा वेळा, बिनचूक वठवावा लागला असता.

झेंडा फडफडतो कसा, हा सगळ्यात लाडका आक्षेप. त्या झेंड्याच्या वरच्या कडेला आडवी दांडी घातलेली होती, नाहीतर हवा नसलेल्या जागी तो लोंबतच राहिला असता. अपोलो-११ च्या वेळी ती दांडी पूर्ण उघडली नाही, म्हणून कापडाला सुरकुत्या राहिल्या. आकाशात तारे का दिसत नाहीत? कारण भर उन्हात उजळलेल्या जमिनीसाठी कॅमेरा लावला, की अंधुक तारे फोटोत येत नाहीत. रात्री दिव्यांच्या झगमगाटात मोबाइलवर आकाशाचा फोटो काढून बघा. यावर याहून जास्त वेळ घालवायची गरज नाही.

जास्त वेळ द्यावा असा आक्षेप दुसराच आहे. 'पृथ्वीवर चित्रण करायचं आणि ते संथ गतीने दाखवायचं, झालं चंद्रावरचं चालणं!' हा मुद्दा विचार करण्यासारखा आहे, आणि अर्धा बरोबरही आहे. अपोलो-१६ च्या जॉन यंग यांनी झेंड्याला सलाम करताना मारलेली उडी पाहा. ते साधारण ४२ सेंटिमीटर वर गेले आणि जवळपास दीड सेकंद अधांतरी राहिले. पृथ्वीवर तेवढ्याच उंचीची उडी सुमारे ०.६ सेकंदात संपते. म्हणजे पृथ्वीवरची फीत अडीचपट संथ केली, की उडीचा हिशेब जुळतो. आक्षेप घेणाऱ्यांचं इथपर्यंत खरं आहे.

आता त्याच मोहिमेतली दुसरी फीत घ्या. यंग चांद्रगाडी चालवताहेत आणि चाकांमागून धूळ उडते आहे. ती धूळ नीट बघा. ती कमानीसारखी वर जाते आणि तशीच खाली येते. मागे धुळीचा लोट राहत नाही. आपल्याकडे उन्हाळ्यात कच्च्या रस्त्यावरून एसटी गेली तर मागचा फुफाटा किती वेळ हवेत तरंगतो! बारीक कण हवा तोलून धरते, आणि फीत संथ केली तर तो लोट उलट आणखी रेंगाळताना दिसेल. लोट उठूच द्यायचा नसेल तर हवाच काढून टाकावी लागेल. गाडी पळवता येईल एवढी मोठी जागा निर्वात करणारा स्टुडिओ तेव्हा कुठेही नव्हता. ही फीत आज घरबसल्या बघायला मिळते. माझं ऐकण्यापेक्षा ती बघा.

दुसरा साक्षीदार सोव्हिएत संघ. चंद्राच्या शर्यतीत अमेरिकन फसवे निघाले तर बरं, असं त्या काळी सोव्हिएत संघाइतकं कोणालाच वाटत नव्हतं. अपोलो-११ चंद्रावर असतानाच त्यांचं लुना-१५ हे मानवरहित यान माती उचलून आणण्यासाठी चंद्राभोवती फिरत होतं. अमेरिकन यान परत निघण्याच्या जेमतेम दोन तास आधी ते चंद्रावर आदळून फुटलं. इंग्लंडच्या जॉड्रेल बँक वेधशाळेत दोन्ही यानांचे संदेश ऐकले जात होते. मग सप्टेंबर १९७० मध्ये लुना-१६ ने १०१ ग्रॅम माती आणली. पुढच्या वर्षी दोन्ही देशांनी आपापल्या मातीचे नमुने एकमेकांना दिले. ज्यांच्याकडे ताडून बघायला चंद्राची स्वतःची माती होती, त्यांनी अमेरिकेच्या नमुन्यांना कधी खोटं म्हटलं नाही.

या खडकांबद्दल मला मनापासून बोलायचं आहे, कारण ही गोष्ट आपल्या मुंबईतही घडलेली आहे आणि ती आपल्याकडे फार थोड्यांना ठाऊक आहे. ऑक्टोबर १९६९ मध्ये अपोलो-११ चे तिघेही अंतराळवीर जगप्रवासात मुंबईला आले होते, ते पुष्कळांना आठवतं. पण चंद्राच्या मातीवर मुंबईत काम झालं, हे कोणी सांगत नाही. कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत देवेंद्र लाल यांचा गट होता. नरेंद्र भंडारी, जितेंद्रनाथ गोस्वामी ही मंडळी त्यात होती. अपोलोने आणलेले नमुने त्यांनी तपासले आणि १९७१ मध्ये आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले.

ते काय बघत होते? अंतराळातून येणाऱ्या वैश्विक किरणांमध्ये लोहासारखी जड अणुकेंद्रं असतात. असं केंद्र खनिजाच्या स्फटिकात घुसलं, की त्याच्या वाटेवरची रचना कायमची विस्कटते. ती वाट एरवी दिसत नाही. मग स्फटिक घासून गुळगुळीत करायचा आणि कॉस्टिक सोड्याच्या उकळत्या द्रावणात ठेवायचा. विस्कटलेला भाग आधी विरघळतो, वाट रुंदावते आणि सूक्ष्मदर्शकाखाली बारीक रेघा दिसू लागतात. एकेक रेघ मोजायची. चंद्राच्या खडकात पृष्ठभागालगत, मिलिमीटरच्याही आत, या रेघांची नुसती दाटी असते आणि आत जावं तशी ती विरळ होते. पृष्ठभागालगतच्या रेघा सूर्यावरच्या स्फोटांतून आलेल्या कमी ऊर्जेच्या कणांच्या, तर खोलवरच्या दूरच्या वैश्विक किरणांच्या. एवढी दाटी व्हायला तो खडक लाखो वर्षं उघड्यावर पडलेला असावा लागतो.

असा खडक पृथ्वीवर सापडत नाही, कारण आपलं वातावरण हे कण खालपर्यंत येऊच देत नाही. तो प्रयोगशाळेत बनवताही आला नसता. वैश्विक किरणांत असते तेवढी ऊर्जा लोहाच्या केंद्रांना देणारं यंत्र त्या वेळी जगात नव्हतं. 'अंटार्क्टिकातून उल्का गोळा केल्या आणि त्याच चंद्राचे खडक म्हणून दाखवल्या,' असंही म्हटलं जातं. पण उल्का वातावरणातून येताना तिचा वरचा थर जळून जातो, म्हणजे रेघांची दाटी नेमकी जिथे हवी तोच भाग नाहीसा होतो. शिवाय चंद्रावरून आलेली म्हणून ओळखली गेलेली पहिली उल्का अंटार्क्टिकात सापडली ती १९८२ मध्ये, आणि ती ओळखता आली ती अपोलोच्या खडकांशी जुळली म्हणूनच.

याच गोस्वामींनी पुढे चांद्रयान-१ चे प्रमुख वैज्ञानिक म्हणून काम केलं. त्या यानाच्या कॅमेऱ्याने अपोलो-१५ उतरलं तिथल्या जमिनीचा बदललेला, उजळ झालेला पट्टा टिपला. जपानच्या कागुया यानानेही तो पाहिला होता. आणि २०२१ मध्ये आपल्या चांद्रयान-२ च्या कॅमेऱ्याने अपोलो-११ च्या जागेचं छायाचित्र घेतलं. शंभर किलोमीटर उंचीवरून फूटभर आकाराचा तपशील ओळखू शकणारा, अहमदाबादला बनलेला हा कॅमेरा. यानाचा चार पायांचा खालचा भाग त्यात दिसतो. तो परतीच्या वेळी मागेच सोडलेला होता. इस्रो नासाच्या हुकमाने चालते असं मानायला काहीही आधार नाही.

एक गोष्ट मात्र आपल्या बाजूच्या लोकांनाही सांगायला हवी. अपोलो-११, १४ आणि १५ ने चंद्रावर ठेवलेल्या परावर्तकांवर आजही लेसरचे झोत सोडतात. अडीच सेकंदांत प्रकाश परत येतो आणि चंद्र वर्षाला ३.८ सेंटिमीटर दूर जातोय, हे त्यावरूनच कळतं. पण हा माणूस तिथे गेल्याचा पुरावा म्हणून पुढे करू नका. सोव्हिएत संघाच्या लुनोखोद या चालकाविना चालणाऱ्या गाड्यांवरही असेच परावर्तक होते. कच्चा पुरावा पुढे केला, की समोरचा तोच पकडून बसतो आणि पक्का पुरावाही ऐकत नाही. तसंच, अपोलो-११ च्या मूळ चित्रफिती पुसून पुन्हा वापरल्या गेल्या, हेही खरं आहे. नासाने ते २००९ मध्ये मान्य केलं. तो अक्षम्य हलगर्जीपणा होता असं मी म्हणतो. पण तो संदेश ऑस्ट्रेलियातल्या हनीसकल क्रीक आणि पार्क्स इथल्या मोठ्या अँटेनांनी चंद्राकडे तोंड करून पकडला होता, आणि जगभर प्रक्षेपित झालेलं चित्रण आजही उपलब्ध आहे.

राहिला शेवटचा प्रश्न. जमलं होतं, तर १९७२ नंतर पुन्हा का गेले नाहीत? पैसा, आणि संपलेली चढाओढ. १९६६ मध्ये अमेरिकेच्या केंद्रीय अंदाजपत्रकातला चार टक्क्यांहून जास्त वाटा नासाला मिळत होता. दहा वर्षांत तो एक टक्क्यावर आला. सोव्हिएत संघावर मात झाली होती, व्हिएतनामचं युद्ध चालू होतं आणि लोकप्रतिनिधींना आणखी खडकांसाठी पैसे द्यायचे नव्हते. १८, १९ आणि २० क्रमांकांच्या मोहिमा १९७० मध्येच रद्द झाल्या. उड्डाणासाठी बनवलेले सॅटर्न-५ रॉकेटचे टप्पे तसेच राहिले. ते आज ह्यूस्टनला प्रदर्शनात आहेत आणि तिकीट काढून कोणालाही जवळ जाऊन बघता येतात.