पाव मिलिमीटर

मे महिन्यातलं सोलापूर. सकाळचे आठ वाजलेत आणि पत्र्याचं शेड तापायला लागलंय. दहा मीटर रेंजच्या कोपऱ्यात बापलेक एअर रायफलच्या सिलिंडरच्या जोडाला साबणाचा फेस लावून बसलेत. वडील जॉबर, म्हणजे यंत्रमाग दुरुस्त करणारे. लेक कॉलेजात, नेमबाज.

हवा रोज रात्रीतून उतरतेय. दुकानदारानं सांगितलं, नवा सिलिंडर घ्या. तसा प्रत्येक उतार गळतीचा नसतो. भरताना हवा तापते, निवली की काटा खाली येतो. उलट 25 अंशांत 200 बार दाबानं भरलेला सिलिंडर 42 अंशांत 211 च्या आसपास दाखवेल. पण इथं बुडबुडा दिसला. ओ-रिंग झिजलेली. रबराची एवढीशी कडी!

वडील हसले. "पिकर झिजला म्हणून कुणी माग विकतं का?" आणि सवयीनं त्यांनी तेलाची बुधली उचलली.

"पप्पा, ते नको!"

बरोबर होतं तिचं. दाबाच्या हवेत साधं तेल पेटू शकतं. इथं सिलिकॉन ग्रीसच चालतं. सिलिंडर बदलावा लागतो तो मुदत संपल्यावर. स्पर्धेत दहा वर्षांपेक्षा जुना चालत नाही.

मग पैसा घालायचा कुठं? लक्ष्याकडे बघा. दहा गुणांचं वर्तुळ अर्ध्या मिलिमीटरचं. गुण दशांशात मोजतात, आणि एक दशांश म्हणजे पाव मिलिमीटर. स्पर्धेतले साठही छर्रे पाव-पाव मिलिमीटर बाहेर सरकले, तर सहा गुण गेले. अंतिम फेरीची जागा त्याहून कमी फरकानं हुकते.

म्हणून तिनं आधी छर्रे तपासले. 4.49, 4.50, 4.51. डब्यावरचे हे आकडे, म्हणजे छर्र्याच्या डोक्याचा व्यास मिलिमीटरमध्ये, सारखेच वाटतात, नळीला मात्र वाटत नाहीत. रायफल व्हाइसमध्ये आवळून प्रत्येक डब्यातले दहा-दहा झाडले. सगळ्यांत महागडा डबा सगळ्यांत जास्त पसरला. स्वस्तातल्या एकाची भोकं मात्र एकात एक बसली.

रंगीत नॉब, वजनं, नवा ट्रिगर... कॅटलॉगमधलं हे सगळं देखणं आहे खरं. पण तिचा ट्रिगर स्वच्छ सुटतोय, मग तो बदलायचा कशाला? महाग म्हणावी अशी एकच वस्तू तिनं घेतली, खांद्याला टेकणारी, मागेपुढे सरकणारी बट प्लेट. दोन वर्षांत उंची वाढली होती, खांदा आखडत होता.

वडिलांनी स्क्रू आवळला. "बघ आता."

तिनं गाल टेकवला. प्लेट अजून दोन सूत मागं हवी होती.