घागर आणि खिळे

हे शिशाचे खिळे. छापखान्यात सुट्या अक्षरांना खिळेच म्हणत. पुणे–दौंड रेल्वेमार्गावरच्या केडगावात, निराधार बायकांचा आश्रम असलेल्या मुक्ती मिशनच्या छापखान्यात, बायका आणि मुली असे खिळे जुळवायच्या. एकेक अक्षर, तेही उलटं. दुष्काळातून उचलून आणलेल्या, बालविधवा, टाकून दिलेल्या. आणि छापत होत्या अख्खं बायबल.

मूळ हिब्रू आणि ग्रीक शिकून ते मराठीत आणत होत्या पंडिता रमाबाई.

अनंतशास्त्री डोंगऱ्यांची ही लेक. भागवत तोंडपाठ. १८७८ साली कलकत्त्याच्या विद्वानांनी ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ म्हणून गौरवलं, तेव्हा वय जेमतेम वीस. पण त्याआधीच तीर्थयात्रा, उपासतापास, दानधर्म करून थकलेले आई-वडील दुष्काळात अन्नावाचून गेले होते. विद्या घरात होती, भाकरी नव्हती. तो सल पदव्यांनी कसा जाणार?

लग्नानंतर सिल्चरला, स्वतःच्याच पुस्तकांत, लूकचं शुभवर्तमान, म्हणजे बायबलमधलं येशूचं एक चरित्र, बंगालीत हाती लागलं. पुढे इंग्लंडमध्ये फुलहमला त्यांनी एक आश्रम पाहिला. समाजाने वाळीत टाकलेल्या बायकांना ख्रिस्ती जोगिणी मायेने सांभाळत होत्या. ही माया येते कुठून, असा प्रश्न पडला. उत्तरादाखल एका जोगिणीने बायबलमधल्या योहानाच्या शुभवर्तमानाचा चौथा अध्याय वाचून दाखवला: विहिरीवरची शोमरोनी बाई, म्हणजे यहुदी ज्यांना परके मानत त्या शोमरोन्यांतली.

२९ सप्टेंबर १८८३ रोजी वाँटेजला बाप्तिस्मा झाला. इकडे महाराष्ट्रात गदारोळ उठला, तो सगळ्यांना ठाऊक आहे. कमी बोललं जातं ते वेगळंच. आठ वर्षांनी त्यांना जाणवलं, आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला, ख्रिस्त अजून मिळालाच नाही. ‘सरस्वती’ म्हणवल्या गेलेल्या बाईने हे स्वतःच लिहून ठेवलं. मला विचाराल तर त्यांची खरी विद्वत्ता इथे दिसते.

म्हणूनच की काय, संस्कृत जिच्या जिभेवर नाचायचं, तिने भाषांतरात जड संस्कृत शब्द कटाक्षाने टाळले. चुलीपुढे बसलेल्या बाईला वाचता आलं पाहिजे, पंडितांना नव्हे.

५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाई गेल्या. संपूर्ण बायबल छापून झालं १९२४ मध्ये.

त्यात योहानाचा चौथा अध्याय काढा. भर दुपार, याकोबाची विहीर. येशू एका परक्या बाईकडे पाणी मागतो, तिच्याशी बोलत बसतो. शिष्य येतात, चकित होतात. आणि ती बाई आपली घागर तिथेच टाकून गावाकडे निघते.